वनपुरी ते खानवडी, पाणंदींनी

मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या कऱ्हेपठारावर सायकल काढायची ती साडेपाच वाजून गेल्यावर. त्याआधी डांबरातून झळ वर येत असते आणि माळावर चिटपाखरू नसतं. साडेपाचनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. सासवडहून पूर्वेला निघालं की तो पाठीशी असतो, ढकलत नेतो. परतताना तोच छातीवर घ्यावा लागतो, पण तोवर सूर्य गेलेला असतो आणि त्या वाऱ्याला गारवा आलेला असतो. सूर्य मावळतो सातच्या सुमारास. पुढे अर्धा तास वाट दिसण्याइतका उजेड टिकतो. एवढ्या वेळात सासवड, वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, खानवडी आणि खळदच्या बाजूनं परत, असा फेरा होतो. शक्य तिथे डांबर टाळायचं आणि पाणंदीनं, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या जुन्या वाटेनं, जायचं.

माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून झाली. फलकयंत्राच्या पाटावर कागद चिकटवून पेन्सिलीनं हद्दी काढण्यापासून सुरुवात केली आणि रोव्हर हातात घेऊन उपग्रहाकडून बिंदू घेण्यापर्यंत येऊन थांबलो. पुरंदर तालुक्यातल्या कितीतरी बांधांवर मी भर उन्हात उभा राहिलो आहे. पण मोजणीवाला बांधावर जातो तो वाद असतो म्हणूनच. एका बाजूला एक भाऊ, दुसऱ्या बाजूला दुसरा, मध्ये आम्ही, आणि सगळ्यांची नजर आमच्या हातातल्या खुणेच्या दगडाकडे. अशा वेळी पाणंद दिसते ती फक्त फुटांत: किती होती, किती उरली, कोणी किती आत घेतली. तीच पाणंद संध्याकाळी सायकलवरून बघायला मी निवृत्तीनंतर लागलो. तिच्या कडेला काय उगवतं, ती कुठे वळते आणि का वळते, तिच्यावरून कोण येतं-जातं, हे तेव्हा कळलं.

सायकल गिअरची आहे, टायर दोन इंच रुंद. पाणंदीत शिरायच्या आधी थांबून हवा थोडी उतरवतो, पस्तीस पीएसआयच्या आसपास आणतो, म्हणजे फुफाट्यात चाक रुतत नाही आणि दगडावर हाताला हादरे बसत नाहीत. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे पंक्चर आपोआप बुजवणारं द्रावण, भरलेलं असतं. त्याशिवाय इकडे फिरूच नये, कारण उन्हाळ्यात बाभळीचा वाळका काटा सगळीकडे पसरलेला असतो. तोडलेल्या फांद्यांची कुंपणं होतात, ती वाऱ्यानं उडतात आणि काटे नेमके चाकोरीत येऊन बसतात. जवळ पाणी दोन बाटल्या, पुढचा-मागचा दिवा, गुळाचा खडा, आणि एक वही.

सासवडच्या बाहेर प्रथम लागतात त्या प्लॉटच्या पाट्या. 'विमानतळापासून इतक्या मिनिटांवर' असं लिहिलेले मोठमोठे फलक, त्यांच्यामागे मुरूम टाकून सपाट केलेले माळ, आणि चुन्याच्या रेघांनी आखलेले तुकडे. तो पट्टा मी मान खाली घालून पार करतो. वनपुरीच्या अलीकडे डाव्या हाताला एक चिंच आहे. तिच्या बुंध्याला वळसा घालून पाणंद आत शिरते. डांबर सोडलं की दोन गोष्टी एकदम बदलतात. चाकांचा आवाज जातो, आणि वास येतो: तापलेली माती, वाळलेलं गवत, कुठेतरी नुकतंच सोडलेलं पाणी. ठिबकच्या नळीखाली ओली झालेली माती संध्याकाळी जो वास सोडते, तो मला सकाळी कधी आलेला आठवत नाही.

या पाणंदीच्या दोन्ही अंगांना घायपात आहे. मध्ये मध्ये हिवर, बोर, आणि पिवळ्या फुलांनी भरलेला तरवड. भर उन्हाळ्यात सगळा माळ करपलेला असताना हे झुडूप फुलतं कसं, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. तारेवर वेडे राघू ओळीनं बसलेले असतात. एखादा उडतो, हवेतच माशी धरतो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. मी जवळ गेलो की पुढच्या तारेवर, अजून जवळ गेलो की त्याच्या पुढच्या. असे ते अर्धी पाणंद माझ्यापुढे राहतात. टिटवी मात्र सोबत येत नाही, ती भांडते. नांगरलेल्या रानात ढेकळांमध्ये तिची अंडी असतात आणि पाणंदीवरून जाणारा प्रत्येक जण तिच्या लेखी अंड्यांवरच निघालेला असतो.

या वाटेची रुंदी मला तोंडपाठ आहे. गावनकाशावर गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायवाट एका तुटक रेषेनं. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीरस्त्याची साडेसोळा ते एकवीस. हे आकडे कुठून आले ते जुन्या साखळीकडे बघितलं की समजतं. आपली मोजणीची साखळी ३३ फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ म्हणजे पाव. साखळी घेऊन माणसं इथून चालत गेली आणि तिच्या हिशेबातच वाटा कागदावर आल्या. इंग्रजी अमलातल्या जमीनमोजणीचं जे काम गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये हाती घेतलं, तेही आपल्या पुणे जिल्ह्यातच, इंदापुरात. पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात ती पद्धत गेली. पण पाणंदी त्याहून जुन्या. मोजणीदारानं त्या आखल्या नाहीत, त्या आधीच होत्या. त्यानं फक्त टिपणात, म्हणजे मोजणीच्या नोंदकागदात, उतरवल्या.

आणि त्या आधीच्या लोकांनी काय विचार केला होता, ते सायकलवर पायांना कळतं. वनपुरीच्या पुढची पाणंद सरळ गेली असती तर निम्म्या अंतरात संपली असती. ती तशी जात नाही. काळ्या रानाला टाळून ती मुरमाच्या कडेकडेनं जाते, कारण काळ्या मातीत पावसाळ्यात गाडीचं चाक आसापर्यंत रुततं. ओढा ओलांडायचा तिथे ती मुद्दाम खाली उतरून, जिथे तळाला कातळ आहे तिथूनच पलीकडे निघते. चढावर तिरकी होते. बैलाला उभा चढ मानवत नाही, आणि बैलाला जो चढ जमतो तो साठी ओलांडलेल्या सायकलस्वारालाही जमतो. या जुन्या पाणंदींवर मला कधी उतरून सायकल हातात धरावी लागत नाही. अलीकडे जेसीबीनं सरळ कापलेले जे रस्ते आहेत, तिथे मात्र छाती भरून येते. जुनी वाट ज्यांनी पाडली त्यांच्या हातात कुठलंच यंत्र नव्हतं, पण जमीन त्यांनी आमच्यापेक्षा बारकाईनं वाचली होती. हे मी आयुष्यभर यंत्रं हाताळलेला माणूस म्हणून सांगतो.

ओढ्याच्या अलीकडे एका अंजिराच्या बागेला लागून पाणंदीत ताजा मुरूम टाकलेला दिसला. कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि एक गृहस्थ फावड्यानं खड्डे भरत होते. मला बघून त्यांनी हात थांबवला.

"मोजणीचे साहेब ना तुम्ही?"

"होतो. आता निवृत्त."

"मग आज कुणाचा बांध?"

"कुणाचा नाही. फिरायला आलोय."

त्यांना ते पटायला थोडा वेळ लागला. मग फावडं ट्रॉलीत टाकून त्यांनी बागेतून चार अंजिरं आणली, अंजिराच्याच पानावर. "घ्या. मिठ्या बहाराचा शेवटचा माल हाय. आठ दिवसांत बाग मोकळी हुईल."

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे इकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. मी त्यांना मुरमाचं विचारलं. हा खर्च ग्रामपंचायतीचा की त्यांचा? ते म्हणाले, "पंचायत टाकल तवा टाकल. माल माझा हाय ना." अंजीर पिकलं की त्याची साल कागदापेक्षा पातळ होते. दोन थर पानांत बसवून पाटी भरायची, पहाटे तोडलेला माल त्याच दिवशी बाजारात पोचवायचा. पाणंदीत दोन मोठे हादरे बसले की खालचा थर दबतो, आणि दबलेल्या फळाला रात्रीपर्यंत पाणी सुटतं. "डांबरावर पोचल्यावर काय टेन्शन न्हाई," ते म्हणाले. "जे जातं ते ह्याच पाऊण किलोमीटरात जातं." म्हणून दर उन्हाळ्यात एक ट्रॉली मुरूम ते स्वतः आणतात आणि स्वतः पसरतात. शेजारचे दोघे डिझेलला हातभार लावतात, तिसरा लावत नाही, पण त्याचाही टेम्पो इथूनच जातो आणि त्यावरून कोणी त्याला अडवत नाही. मी ते वहीत लिहून घेतलं. सोललेलं अंजीर उन्हानं कोमट झालेलं होतं. फ्रिजमधल्या अंजिराला ती चव नाही.

पुढे ओढा. कोरडा ठणठणीत, पण कातळाच्या खोलगट भागात पुरंदर उपसा योजनेच्या नळातून झिरपलेलं पाणी साठलेलं होतं. ही योजना खालून मुळा-मुठेचं पाणी उचलून पठारावर आणते. पुण्यानं वापरून सोडलेलं ते पाणी आहे, त्याला वास आहे, आणि तरीही त्यानं इथली शेती बदलली हे खरं आहे. मी लहान होतो तेव्हा या भागात मे महिन्यात हिरवं म्हणावं असं काही नसायचं. आज सीताफळाच्या बागांना पाणी सोडलेलं दिसतं, नवी पालवी आणि त्यातच तीन पाकळ्यांची पोपटी फुलं. डाळिंब आहे, पेरू आहे, शेवंतीचे वाफे आहेत. हे सगळं शेतापर्यंत आणि शेताबाहेर नेतात त्या वाटा मात्र बैलगाडीच्या काळातल्याच.

उदाचीवाडीच्या हद्दीत शिरताना पाणंद अरुंद होते. एका घरापुढे आजी बाजेवर बसून चिंचा फोडत होत्या. पाणी हवं का, असं त्यांनीच विचारलं, आणि नातवाला आत पाठवलं. तांब्या हातात घेऊन मी विचारलं, "आजी, ह्या वाटेला काय म्हणतात?"

"कुठल्या? ही व्हय? ही वरातीची वाट."

"वरातीची?"

"मंग. खालच्या वाड्यांच्या समद्या नवऱ्या हितनंच आल्या. मीबी हितनंच आले, गाडीत बसून. तवा ही घायपात न्हवती, निस्ती बोराटी. लुगडं अडकलं तर बैल थांबवाया लागायचं." मग त्यांनी हात करून दाखवलं. वळणावर एक सपाट दगड आहे, तिथे वरात थांबायची, नारळ फुटायचा, आणि पुढे गावातलं वाजंत्री सुरू व्हायचं. तो दगड मी ओळखला. एका मोजणीत त्यालाच आम्ही आधारबिंदू धरला होता, कारण तो जुन्या टिपणात आहे आणि जागचा हललेला नाही. टिपणात तो नुसता दगड आहे. नारळाचं त्यात काही नाही, आणि असायचं कारणही नाही. आजींचं बोलणं मी वहीत घेतलं, दगडाच्या जागेसकट. नातू माझ्या सायकलचे गिअर मोजत उभा होता. त्याला एक फेरी मारायला दिली. तो वरातीच्या दगडापर्यंत गेला आणि धूळ उडवत परत आला.

कुंभारवळणच्या बाजूला, मोकळ्या रानात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरता तळ, उतरला होता. मेंढ्या नुकत्याच वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेतल्या होत्या. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी चालली होती. घोडं बाजूला बांधलेलं, त्याच्या पाठीवरून उतरवलेलं बिऱ्हाड एका गोधडीखाली. उन्हाळ्यात रिकाम्या रानात मेंढ्या बसवून घेतात, रात्रभराची लेंडी-मूत रानाला मिळते आणि रानमालक त्याचं धान्य किंवा पैसे देतो. पाणंदीची सगळ्यांत जास्त जाण कोणाला असेल तर या लोकांना. त्यांचा पाच-सहाशे मेंढरांचा कळप डांबरी रस्त्यावरून नेणं म्हणजे जिवावरचं काम, म्हणून ते शक्यतो शिवेच्या वाटेनंच जातात. मी तिथल्या बाबांना विचारलं, इथून फलटणकडे कसे जाता? त्यांनी काठीनं धुळीत रेघा मारून दाखवलं: इथे ओढा, इथे पाझर तलाव, इथे शिवेची पाणंद, तिथे मोठा रस्ता एकदाच ओलांडायचा, तोही पहाटे. मी नकाशे काढण्यात आयुष्य घालवलं, आणि धुळीतला तो नकाशा उत्तर-दक्षिणेसकट बरोबर होता.

"मिरगाच्या आत घरला पोचायचं," ते म्हणाले. मग ओढ्याकडे बघत, "रातचा लांडगा फिरतोय. काल तिकडं वरडला."

"काही नेलं का?"

"न्हाई. कुत्री हायती. त्योबी हितलाच की." लांडग्याबद्दल ते असं बोलले जसं शेजारच्या वस्तीबद्दल बोलावं. सासवडच्या आसपासच्या माळांवर लांडगे आहेत, हे बाहेरून कॅमेरे घेऊन येणाऱ्यांना अलीकडे कळलं. मेंढपाळांना ते पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

आता जे लिहायचं ते सोपं नाही. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. या सात गावांच्या जमिनीवर २०१६ पासून पुरंदरच्या नियोजित विमानतळाची रेघ आहे. त्यावर गावांनी मोर्चे काढले, ठराव केले, मोजणी अडवली. विमानतळ हवा की नको हे ज्यांच्या जमिनी जातात त्यांनी बोलावं, आणि ते बोलत आले आहेत. मी त्यांच्यासाठी बोलणार नाही. मला वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे, कारण ती माझ्या कामातली आहे.

जमीन घेतली जाते तेव्हा पंचनामा होतो. विहीर मोजतात, पाइपलाइन मोजतात, घर, गोठा, अंजिराचं एकेक झाड मोजतात. प्रत्येकाचा कोणीतरी मालक असतो आणि तो उभा राहून सांगतो, हे माझं आहे, हे लिहा. पाणंदीला खातेदार नसतो. सातबारा उतारा तिच्या नावाचा निघत नाही. ती सगळ्यांची असल्यामुळे, मोजायची वेळ येते तेव्हा तिच्या बाजूनं पुढे येणारा एकही माणूस नसतो. अंजीरवाल्यांनी टाकलेला मुरूम कुठल्या रकान्यात जाईल? धनगरबाबांनी धुळीत काढलेली वाट सात गावांच्या मधोमध तुटली, तर त्यांना नोटीस कोण देणार? ते त्या गावचे नाहीतच. आणि वरातीची वाट हे नाव तर एका आजींच्या तोंडी आहे.

पाणंदींसाठी कायदा नाही असं नाही. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मिळण्यासाठी. अडवलेली वाट मोकळी करायला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, शंभर वर्षांहून जुना आणि आजही रोज वापरात. २०२५ मध्ये सरकारनं असंही ठरवलं की शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायची. हे चांगलं झालं, फार आधी व्हायला हवं होतं. पण हे सगळे उपाय वाट शेजाऱ्यानं अडवली तर काय करायचं, याचे आहेत. शेजारी, वाट आणि शेत एकदमच जाणार असेल तर त्यातलं काहीही लागू पडत नाही.

म्हणून ती वही. मी प्रत्येक पाणंदीचं टिपण करतो आहे. मोबाइलवर फिरलेली वाट आपोआप नोंदली जाते, ते सोपं काम. त्यावर मी हातानं लिहितो: लोक या वाटेला काय म्हणतात, हिच्यावरून काय जातं, कुठल्या महिन्यात, कोण दुरुस्त करतं, कुठल्या वळणाला काय गोष्ट आहे, कुठलं झाड कोणी लावलं. गावनकाशाची प्रत काढून त्यावरच्या तुटक रेषांशी हे ताडून बघतो. काही वाटा नकाशावर आहेत आणि रानात नाहीत, नांगरात गेल्या. काही रानात ठसठशीत आहेत आणि नकाशावर त्यांचा मागमूस नाही. दोन्हींची नोंद होते. हे कुठल्या कचेरीनं मागितलेलं नाही. पण उद्या इथे धावपट्टी झाली तर तिच्याखाली काय होतं ते सांगणारा एक कागद असावा. आणि नाही झाली, तर हाच कागद पाणंद मोकळी करून घ्यायला गावाला उपयोगी पडेल. दोन्ही अर्थी ते काम करण्यासारखं आहे.

एखतपूरच्या पुढे एक उंचवटा आहे. तिथे मी दर वेळी थांबतो. तिथून सगळं कऱ्हेपठार एका नजरेत येतं. नैऋत्येला पुरंदर आणि त्याला चिकटून वज्रगड, वायव्येला मल्हारगडाचा बुटका माथा. मल्हारगड अठराव्या शतकातला, पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी बांधलेला, आणि त्याच्या पायथ्याच्या सोनोरीत त्यांची गढी. मे महिन्यात सूर्य पुरंदरापासून बराच उत्तरेला, दिवे घाटाकडच्या डोंगरांवर उतरतो. डिसेंबरात इथेच उभं राहिलं तर तो पुरंदराजवळ जातो. या दोन टोकांच्या मधलं अंतर सूर्य सहा महिन्यांत चालतो आणि पुन्हा मागे फिरतो. आज मावळताना खाली धुळीचा थर होता, त्यात तो शिरला तेव्हा काठ पुसट झाला आणि डोळे न दिपता बघता आलं. कुठल्यातरी वस्तीवर मोटर सुरू झाली. लांबून पावशा ओरडला. पाऊस अजून दूर आहे, पण तो ओरडायला लागला की शेतकऱ्यांची बियाण्याची बोलणी सुरू होतात. मी गूळ खाल्ला, पाणी प्यालो, मागचा दिवा लावला.

खानवडीपर्यंतची शेवटची पाणंद दोन गावांच्या शिवेवर आहे. शिवेचा रस्ता दोन्ही गावांनी निम्मा निम्मा सोडलेला असतो, त्यामुळे तो बहुधा रुंद राहतो, आणि त्यामुळेच दोन्हीकडून थोडा थोडा खाल्लाही जातो. इथला अजून शाबूत आहे. दोन्ही बाजूंना जुने कडुलिंब. संधिप्रकाशात धूळ पांढरी दिसते आणि चाकोरी काळी, म्हणून मी दिवा मुद्दाम उशिरा लावतो. दिवा लावला की दहा पावलांपलीकडचं सगळं नाहीसं होतं. लावल्यावर मात्र तो खाली, चाकाच्या पुढे धरतो, कारण उन्हाळ्याच्या रात्री घोणस उबदार फुफाट्यावर येऊन पडते आणि ती बाजूला होत नाही. रातवाही तसाच, वाटेच्या मधोमध बसतो. आधी दोन तांबडे ठिपके चमकतात, मग अगदी चाकाजवळ आल्यावर तो उठतो आणि चार हात पुढे जाऊन पुन्हा धुळीतच बसतो.

खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. त्यांचं मूळचं आडनाव गोऱ्हे. साताऱ्याकडच्या कटगुणाहून त्यांचे पूर्वज इकडे आले, आणि पुढच्या पिढीत पुण्याला गेले. तेव्हा ते ज्या वाटेनं आले असतील ती याच पठारावरची एखादी गाडीवाट असणार. कुठली, ते कुठल्याच टिपणात नाही. गावात शिरताना पारावर चार-पाच जण बसले होते. कुठून आलात म्हणाले. वनपुरीहून, पाणंदीनं, असं सांगितल्यावर त्यातले एक तात्या उठून जवळ आले. "मधल्या ओढ्यातून? तिथं वाट हाय अजून?" आहे म्हटलं. तरुणपणी ते त्याच वाटेनं सासवडच्या बाजाराला गूळ घेऊन जायचे. त्यांनी मला बसवून पुढची वीस मिनिटं एकेक वळण सांगितलं. कुठे विहीर होती, कुठे गाडी उलटली होती, कुठल्या आंब्याखाली जेवायला सोडायचे. तो आंबा आता नाही, पण त्याची जागा मला पटली, कारण तिथे पाणंद कारणाशिवाय रुंद झालेली आहे. ते कारण मला आज मिळालं. बाकीचे ऐकत होते, आणि त्यातल्या एका तरुण मुलानं सगळं फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून मला पाठवलं. हे मी सांगितलेलं नव्हतं.

खळदपासून सासवडपर्यंत जेजुरीचा मोठा रस्ता. माउलींच्या पालखीचा हाच मार्ग. आता तो रुंद होतो आहे, ट्रक आहेत, समोरचे दिवे डोळ्यांवर येतात. कडेची पट्टी धरून, समोरून येणाऱ्या वाऱ्यात मान घालून यायचं. त्या भागाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पारगाव आणि मुंजवडी या दोन गावांच्या मधल्या वाटा माझ्या वहीत अजून आलेल्या नाहीत. पाऊस पडला की काळ्या रानातल्या पाणंदी दिवाळीपर्यंत सायकलला बंद होतात, म्हणून मृगाच्या आत तेवढं उरकायचं आहे. या सात गावांतलं कोणी हे वाचत असेल, पुण्या-मुंबईला गेलेलं असलं तरी, तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: शेतावर जायची वाट कुठली, तिला काय म्हणायचे, मध्ये काय काय लागायचं. गट नंबर ठाऊक नसला तरी चालेल, जुना सर्व्हे नंबर असला तर उत्तम, तोही नसला तर एखादं झाड किंवा विहीर सांगा. बाकीचं मी टिपणावरून काढतो. आणि कोणाला बरोबर यायचं असेल तर वनपुरीच्या अलीकडच्या त्या चिंचेपाशी या, रविवारी साडेपाचला. टायर रुंद हवेत आणि दिवा हवा.